आकृती तीन आणि भावजी

माझ्या नावावर सदतीस पेपर आहेत आणि त्यांतले छत्तीस कोणी वाचलेले नाहीत. हे मी विनयाने म्हणत नाही, आकडेच तसं सांगतात. आमच्या धंद्यात एकाने आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपराचा उल्लेख केला की त्याला सायटेशन म्हणतात. माणूस खरंच हुशार आहे की नुसताच पगार घेतो, हे त्या सायटेशनांवरून ठरतं. माझ्या छत्तीस पेपरांचा उल्लेख आजवर मुख्यतः मीच केला आहे. एकदा एका अनोळखी शास्त्रज्ञाने केला होता. मी हरखून जाऊन तो पेपर उघडला, तर त्यात माझ्या नावाआधी 'हीच चूक इतरत्रही आढळते' असं लिहिलेलं होतं. सायटेशन ते सायटेशन, म्हणून मी तेही मोजलं.

उरलेल्या एका पेपराची गोष्ट वेगळी आहे. त्याला चारशेच्या वर सायटेशन आहेत, आणि बहुतेकांनी उल्लेख केला आहे तो त्यातल्या आकृती तीनचा. मी उंदरांच्या मेंदूवर काम करतो. उंदराला शिकवलेली गोष्ट पुन्हा आठवायला लावली, की ती आठवण त्याच्या मेंदूत थोडा वेळ सैल पडते, ओल्या सिमेंटसारखी. मग पेशी ताजं प्रथिन तयार करतात आणि आठवण परत घट्ट बसते. मधल्या वेळात तिच्यात जे काही पडेल ते तिच्यासकट घट्ट होतं, आणि उंदराला वाटतं की हे पहिल्यापासून असंच होतं. हे घट्ट करणारं एक प्रथिन दोन पेशींच्या सांध्यावर नेमकं कुठे जाऊन बसतं, ते आकृती तीनमध्ये दिसतं. हिरव्या ठिपक्यांची एक ओळ आहे, बाकी काही नाही.

ती आकृती मी काढली. मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत, अंगात दोन स्वेटर घालून, कारण तिथला एसी यंत्रासाठी असतो, माणसासाठी नाही. त्या संध्याकाळी मी बूट न काढता थेट स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "दिसलं." काय दिसलं हे तिने विचारलं नाही. गॅस बंद केला, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "सांगा." तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी तिने सगळं ऐकून घेतलं. लोक घरं बांधतात, पोरांना परदेशी पाठवतात, निवडणुका जिंकतात. माझ्याकडे मिरवायला ती एक संध्याकाळ आहे.

तर यंदा माझी प्राध्यापकपदावर बढती व्हायची होती. अर्ज भरला, छायाचित्र चिकटवलं, आणि आस्थापना विभागातल्या बाईंनी तो आठवड्याभरात परत पाठवला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सहलेखकाचं प्रमाणपत्र कुठे आहे?' कोणी किती काम केलं, ते सहलेखकाने सही करून लिहून द्यायचं असतं.

मी खाली गेलो. म्हटलं, "बाई, या पेपराला सहलेखक नाहीत."

"नाहीत म्हणजे वारले का? मग वारसांची सही लागेल."

"वारले नाहीत. नव्हतेच."

बाईंनी पेपराचं पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. माझ्या नावापुढे स्वल्पविराम होता आणि त्यापुढे दुसरं नाव होतं.

आता हे नाव तिथे कसं आलं, ते सांगतो. जर्नलच्या वेबसाइटवर पेपर पाठवताना लेखकांचे रकाने भरावे लागतात. दुसऱ्या रकान्यात, नाव कसं लिहायचं हे समजावं म्हणून, फिकट अक्षरांत नमुन्याचं एक नाव असतं. फिकट अक्षरं आपोआप जातात अशी माझी समजूत होती. बाकीच्या सगळ्या जगाचीही असावी. ती गेली नाहीत. पेपर छापून आल्यावर मी लगेच दुरुस्ती कळवली, तर उत्तर आलं की लेखकाचं नाव वगळायचं असेल तर त्या लेखकाची लेखी संमती पाठवा. मी तेव्हा म्हटलं, राहू दे बिचाऱ्याला, कोणाचं काय खातोय.

"पाठ्यपुस्तकातला 'अबक' असतो ना, तसा तो आहे," मी बाईंना म्हणालो.

"मग तसं सिद्ध करून आणा," बाई म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाकडे पाहून त्यांनी हात पुढे केला.

एवढंच काम होतं. एक नाव खोडायचं. ज्याला जन्म नाही, पत्ता नाही, अशा माणसाला घालवायला किती वेळ लागणार?

आमच्या वरच्या मजल्यावर कोर्टातले एक निवृत्त कारकून राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना वकीलसाहेब म्हणते आणि ते कोणाला अडवत नाहीत. त्यांना माझी अडचण जिन्यात कळली आणि ते हातातल्या दुधाच्या पिशवीसकट आमच्या घरात येऊन बसले. "नसलेला इसम काढायचा म्हणजे साक्षी पाहिजेत," ते म्हणाले. "त्या काळात तुमच्या लॅबमध्ये जे जे होते, त्यांच्याकडून लिहून घ्या की असा इसम आम्ही पाहिला नाही. आणि नुसतं नाव विचारू नका. साक्षीदार म्हणतो नाव आठवत नाही, आणि केस तिथेच बसते. वर्णन द्या. वर्णन दिलं की माणूस ठामपणे नाही म्हणतो."

मला हे पटलं. मेव्हण्याने फोनवर दुसरा मार्ग सुचवला होता. "दाजी, ठोका ना एक सही. नसलेल्या माणसाची सही खोटी कशी ठरेल?" या युक्तिवादात कुठेतरी खोट होती, पण ती मला सापडली नाही, म्हणून मी त्याला रागावलो. मी शास्त्रज्ञ आहे. आम्ही पुराव्याने चालतो.

वर्णन मी बसल्या बसल्या तयार केलं. उंच, सडपातळ, काळ्या काड्यांचा चष्मा, हळू बोलणारा. असा माणूस आमच्या लॅबमध्ये कधीच नव्हता, याची मी खात्री करून घेतली. वीस वर्षं मी ज्या विषयावर उंदीर खर्ची घातले, तो विषय त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही. यावर मी काही बोलू इच्छित नाही.

पहिल्यांदा गेलो मामांकडे. हे आमचं उंदीरघर सांभाळतात. ते कोणाचे मामा आहेत हे कोणालाच माहीत नाही. मी वर्णन सांगितलं. मामांनी मान हलवली. "नाही बुवा. तुम्ही एकटेच असायचात. तुमच्यापायी मला कुलूप लावायला उशीर व्हायचा." मी म्हटलं, छान, एवढंच लिहून द्या. ते म्हणाले, सोमवारी देतो.

मग माझ्या पहिल्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता स्वतः दुसरीकडे शिकवते आणि तिचे सायटेशन माझ्या दुप्पट आहेत, पण तो विषय इथे नको. तीही म्हणाली, "उंच, चष्मा? नाही सर, असं कोणीच नव्हतं." मग मोठ्या सरांना फोन केला. हे माझे गुरू. फार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते म्हणाले, "असा माणूस? छे. आणि आपण कोण म्हणालात?"

म्हणजे सगळं मनासारखं चाललं होतं. मी घरी येऊन झकास झोपलो.

सोमवारी मामा माझी वाटच बघत होते, पण कागद त्यांच्या हातात नव्हता. ते थोडे अवघडलेले दिसले. "साहेब, तुम्ही विचारलंत आणि मी विचारात पडलो. ते काळ्या चष्म्याचे ना? हळू बोलणारे? पिंजऱ्याशी वाकून उंदरांशी बोलत बसायचे. उंदीर पण शांत व्हायचे हो. आता नव्हते असं कसं लिहून देऊ? उगाच खोटं व्हायचं."

मी हसलो. मामांचं वय झालं आहे, असं स्वतःला सांगितलं. त्यांच्या मागे पिंजऱ्यांच्या रांगा होत्या, आणि एरवी सतत खुडबुड करणारे उंदीर त्या दिवशी सगळेच्या सगळे गप्प बसून माझ्याकडे बघत होते. मामा म्हणाले, तुम्ही बोललात म्हणून असेल.

त्याच दुपारी विद्यार्थिनीचा फोन आला. तिला फारच लाज वाटत होती. "सर, मी विसरलेच कशी? मायक्रोस्कोप लावायला मला त्यांनीच शिकवलं होतं. तुम्ही मीटिंगला गेला होतात. चष्मा कपाळावर सरकवून बघायचे ते. त्यांना माझा नमस्कार सांगा." चष्मा कपाळावर सरकवणं माझ्या वर्णनात नव्हतं. मायक्रोस्कोप लावायला तिला मी शिकवलं होतं. त्या आठवड्यात मी कुठल्याही मीटिंगला गेलो नव्हतो, कारण मीटिंगला मला कोणी बोलवत नाही.

मोठ्या सरांनी तर आपणहून फोन केला. "तुमचा तो जोडीदार," ते म्हणाले, "फार खोल मुलगा. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा पुढे जाणार." मग म्हणाले, "आपण कोण म्हणालात?"

मी मामांना हाताला धरून कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथे एका जुन्या परिषदेचा मोठा फोटो भिंतीवर आहे. तेव्हाची अख्खी लॅब त्यात उभी आहे. म्हटलं, दाखवा, यात कुठे आहेत ते? मामांनी चष्मा पुसला, जवळ गेले आणि बोट ठेवलं. "हे काय, तुमच्या मागे."

माझ्या मागे खरोखर कोणीतरी होतं. माझ्या डोक्याआड त्याचा सगळा चेहरा गेला होता. बाहेर राहिला होता फक्त अर्धा कान, आणि त्या कानावर टेकलेली चष्म्याची काळी काडी.

तो फोटो मी वर्षानुवर्षं येता-जाता बघत आलो आहे. त्यात मी किती तरुण दिसतो हेच मी बघायचो, मागे कोण आहे हे बघायचं कारण नव्हतं. परिषदेत शंभर माणसं असतात, शंभर कान असतात, हे मला कळतं. पण ती काडी मी माझ्या बैठकीच्या खोलीत, वकीलसाहेबांच्या दुधाच्या पिशवीसमोर बसून तयार केली होती. 

यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याचा स्वाभिमान दुखावला आहे तो माणूस गप्प बसत नाही, तो आणखी चार जणांना विचारतो. मी विचारलं. कॅन्टीनवाल्याला विचारलं, ग्रंथपालांना विचारलं, ज्यांनी मला कधी ओळखही दाखवली नव्हती अशा दोन प्राध्यापकांना विचारलं. प्रत्येक जण आधी नाही म्हणाला. प्रत्येक जण दोन-चार दिवसांनी मला गाठून हो म्हणाला, आणि प्रत्येकाने जाताना एखादी नवीन गोष्ट दिली. ग्रंथपाल म्हणाले, ते पुस्तक परत करताना त्याची पानं नीट करून द्यायचे. कॅन्टीनवाला म्हणाला, बिनसाखरेचा चहा. जिथे सायटेशन मोजतात त्या वेबसाइटवर त्याचं स्वतंत्र पान तयार झालं. फोटोच्या जागी राखाडी डोकं होतं, खाली माझे चारशे सायटेशन, आणि त्यांवर आणखी काही. ते आणखी काय म्हणून मी पाहिलं, तर कोणी कोणी आपल्या पेपरात त्याच्या नावापुढे 'व्यक्तिगत चर्चा' असं लिहायला लागले होते. आमच्यात हा फार मोठा मान आहे. माणसाने काही छापलेलंच नाही, नुसतं चहा पिताना बोलला, तरी त्याचं बोलणं पुरावा म्हणून धरतात. माझ्याशी झालेली व्यक्तिगत चर्चा आजवर कोणी कुठे नोंदवलेली नाही. पण तेही राहू दे.

घरी मात्र मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. घरी विचारायची गरजच नव्हती. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि माझा फोनवरचा आवाज मोठा आहे.

एके दिवशी बायको बटाटे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "अहो, भावजींना एकदा घरी बोलवा ना. किती वर्षं झाली, आलेच नाहीत."

"कोण भावजी?"

"तुमचे ते. सहलेखक."

मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. का, ते मला सांगता येणार नाही. मग मी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, फिकट अक्षरांची सगळी हकिकत तिला सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "ते नाव चुकून पडलं असेल हो. पण माणूस तर होता. आकृती दिसली त्या संध्याकाळी नाही का बूट न काढता थेट इथपर्यंत आले? मी ओरडणारच होते. पण चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला बाई ओरडवेना."

"तो मी होतो."

"तुम्हीही होतात की. मागे, दाराशी. बूट काढत होतात." आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही नेहमी बूट काढूनच आत येता."

हे खरं आहे. मी नेहमी बूट काढूनच आत येतो. आयुष्यात एकदाच आलो नव्हतो.

मला त्या वेळी जे वाटलं ते मी इथे सरळच लिहितो. मला रडू आलं. बायकोला वाटलं, बढतीच्या काळजीने आलं. तिने पाणी दिलं आणि मुलीला हाक मारली. कन्या आली, तिने काय झालं ते विचारलं, आणि मला उभारी यावी म्हणून म्हणाली, "बाबा, काकांना सांगा ना समितीशी बोलायला. ते किती छान समजावतात. मला सायकल नाही का शिकवली त्यांनी?"

"सायकल मी शिकवली. मी मागून सीट धरून पळत होतो. मला दम लागायचा."

"मागे कोण आहे ते मला कुठे दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "पण जो कोणी होता, तो हळू बोलत होता."

मला दम लागला होता म्हणून मी हळू बोलत होतो. हे मी तिला सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर आणखी काहीतरी ओलं झालं असतं, आणि त्यात आणखी काहीतरी रुतलं असतं.

कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मी दारोदार फिरून लोकांच्या आठवणी बाहेर काढायला लावत होतो, त्या सैल झाल्या की त्यांत एक उंच, सडपातळ, चष्मेवाला माणूस टाकत होतो, आणि त्या परत घट्ट होईपर्यंत सभ्यपणे वाट बघत होतो. वीस वर्षं उंदरांवर केलेला प्रयोग मी अख्ख्या ओळखीपाळखीवर केला होता, आणि आकडे आजवरच्या कुठल्याही पेपरापेक्षा सुरेख आले होते. छापता मात्र येणार नव्हते.

आता जगात एकच आठवण शाबूत होती, ती माझी. अंधारी खोली, दोन स्वेटर, हिरवे ठिपके आणि मी. तिला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. बाहेर काढायचीच नाही. जी आठवण निघत नाही ती सैल पडत नाही. ती वर येतेय असं वाटलं की मी मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला लागायचो. जेवताना म्हणायचो, दाढी करताना म्हणायचो. बायको मुलीला हळूच म्हणाली, बाबांवर ताण आलाय.

बढती नको, असंच मी ठरवलं. आस्थापनेतल्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, अर्ज मागे घेतो, प्रमाणपत्र काही मिळत नाही.

"मिळालं की," बाई म्हणाल्या. "कालच टेबलावर होतं. फार भला माणूस आहे हो. जवळजवळ सगळं काम तुमचंच असं लिहिलंय. आकृती तीन तेवढी त्यांची. अर्ज समितीकडे गेलासुद्धा, आता मागे येत नाही."

मी बाहेर येऊन मेव्हण्याला फोन लावला. माझा आवाज चढला होता. तो गडबडला. "दाजी, आईशप्पथ मी नाही. मनात आणलं होतं मी, नाही म्हणत नाही. पण नुसतं मनातच."

मुलाखतीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाढा म्हणत बसने गेलो. समितीत अध्यक्ष आणि दोन सदस्य होते. खोलीत एक लांब टेबल होतं, आणि माझ्या बाजूला दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी कडेच्या खुर्चीवर बसलो. बसल्यावर लक्षात आलं की अध्यक्षांच्या समोरची मी मोकळी सोडली आहे.

अध्यक्ष मृदू बोलणारे होते. त्यांनी छत्तीस पेपरांचा विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी थेट आकृती तीन समोर ठेवली आणि म्हणाले, "हे जेव्हा पहिल्यांदा दिसलं, त्या दिवसाबद्दल सांगा ना. अगदी तुमच्या शब्दांत."

मी म्हटलं, "पेपरात सगळं आहे."

"पेपरात ठिपके आहेत. आम्हाला दिवस हवाय."

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणणार होतो की मी एकटा होतो. पण तसं म्हटलं, तर टेबलावर पडलेलं प्रमाणपत्र खोटं ठरत होतं. प्रमाणपत्र खोटं म्हणजे लेखकांचा वाद. वाद म्हणजे जर्नल पेपर मागे घेणार, आणि चारशे सायटेशन रातोरात कोणाचेच राहणार नाहीत. आकृती माझीही राहणार नाही. मी सगळा विचार केला आणि अत्यंत काळजीपूर्वक, चिमटीत धरून, ती आठवण बाहेर काढली.

"खोलीत अंधार होता," मी म्हणालो. "फार थंडी होती."

"हो, त्यांनीही तेच लिहिलंय," उजवीकडचे सदस्य कौतुकाने म्हणाले. "आणि तुम्ही दाराशी उभे होतात, नाही का?"

मी पाहिलं. अंधारी खोली होती. मायक्रोस्कोपशी दोन स्वेटर घातलेला एक माणूस पाठमोरा बसला होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि तो तसाच निश्चल बसून राहिला. त्याची पाठ मला नीट दिसत होती, खांदे दिसत होते, अर्धा कान दिसत होता. आणि हे सगळं मला दारातून दिसत होतं. मी पाढा आठवायचा प्रयत्न केला, तर तो अठ्ठावन्नच्या पुढे गेला नाही.

"बरोबर आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. मला खुर्ची हवी होती म्हणून म्हणालो, हे खरं आहे. पण म्हणता म्हणता ते खरंही झालं होतं.

बढती मिळाली. अध्यक्षांनी उठून हात मिळवला आणि म्हणाले, दोघांचंही अभिनंदन.

घरी येताना बसमध्ये मी एक वाक्य जुळवत होतो. बायकोने दार उघडलं की आधी तेच बोलायचं, बढती नंतर. 'भावजी कोणी नाहीत, कधीच नव्हते, तुझ्यासमोर येऊन बोललो तो मीच होतो.' मी ते इतक्या वेळा घोकलं की शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

तिने दार उघडलं. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "झालं ना?"

"झालं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती माझ्याइतकीच या खुर्चीसाठी थांबली होती. मग तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. "आणि भावजी?"

"गाडी लावून येतोय," मी म्हणालो.

"मग दार राहू दे उघडं." आणि ती लगबगीने आत गेली. मुलीला हाक मारल्याचं मी ऐकलं.

आमच्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. मी दारात उभा राहिलो आणि हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला भीती वाटत होती. आणि आणखी एक गोष्ट वाटत होती, ती भीतीपेक्षा मोठी होती. त्या दिवशी त्या खोलीत पहिला ठिपका उजळला तेव्हा कसा दिसला, एकदम दिसला की हळूहळू, बघणाऱ्याच्या छातीत काय झालं, यातलं काहीच मला आता आठवत नव्हतं. मी तर दाराशी होतो. ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता.

खाली गाडीचं दार लागलं. जिन्यात पावलं वाजायला लागली, अगदी सावकाश. मी बाजूला सरकलो आणि वाट करून दिली.